चालण्यावर बंदी, कळशीला मुभा

पत्राचा सारांश : फोंडा तालुक्यातील एका निवृत्त शिक्षिकेने मे महिन्याच्या अखेरीस हे पत्र पाठवले आहे. त्यांचे वय ६३ असून अनेक वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे. तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि दृष्टी चांगली आली. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पावसाचा जोर थोडा ओसरल्यावर करायचे ठरले आहे. शस्त्रक्रियेपूर्वी त्या रोज पहाटे फर्मागुडीला तासभर चालत आणि आठवड्यातून चार दिवस योगवर्गाला जात. आता मुलाचे म्हणणे असे की, दोन्ही डोळे होईपर्यंत व्यायामाचे नाव काढायचे नाही. सासूबाईंना त्यांच्या वेळी कित्येक दिवस उताणे पडून राहावे लागले होते, तो दाखला घरात रोज दिला जातो. उलट योगवर्गातली एक मैत्रीण सांगते की, तिने आठव्या दिवशी सूर्यनमस्कार सुरू केले आणि तिला काही झाले नाही. डॉक्टरांनी गर्दीच्या वेळेत ‘महिनाभर जड काम नको, बाकी सगळे चालेल’ एवढेच सांगितले आणि त्यांना पुन्हा विचारणे या बाईंना प्रशस्त वाटत नाही. साखर वाढली आहे, गुडघे आखडले आहेत, चिडचिड होते. ‘घरात बसून नुसती बारीकसारीक कामे करते’ असे लिहून त्या विचारतात : या वयात व्यायामाचा हट्ट धरणे हा माझा स्वार्थ आहे का, आणि नसेल तर सुरुवात कधी आणि कशी करू?

ताई,

तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर आधी देते, कारण त्यावर फार विचार करावा लागत नाही. हा स्वार्थ नाही. मधुमेह असलेल्या बाईने रोज चालायला जायचे म्हणणे हा तिच्या उपचाराचाच भाग आहे, आणि जे गोळ्यांच्या बाबतीत आपण कधी म्हणणार नाही ते चालण्याच्या बाबतीतही म्हणू नये.

मी थांबले ती मात्र दुसऱ्याच वाक्यापाशी. ‘नुसती बारीकसारीक कामे करते’ असे तुम्ही लिहिता, आणि पत्राच्या दुसऱ्या पानावर ओघात ती कामे येतात : नळाला पाणी कमी येते म्हणून विहिरीवरून आणायच्या चार-सहा कळशा, हुमणासाठी (माशांच्या आमटीसाठी) आदोळीवर (खवणीच्या विळीवर) खवायचा नारळ, तुळशीपुढचे सारवण, आणि एकदा रिकामा झालेला गॅस सिलिंडर दारापर्यंत सरकवणे. म्हणजे तुमच्या घरात तीन आठवडे सपाट रस्त्यावरून चालण्यावर बंदी आहे आणि भरलेली कळशी कमरेवर घेण्याला मुभा आहे. यात कुणाचा वाईट हेतू नाही. आपल्याकडे ‘व्यायाम’ म्हणजे मुद्दाम केलेली हौस आणि ‘काम’ म्हणजे बाईने करायचेच असते ते, अशी विभागणी इतकी अंगवळणी पडलेली आहे की धोका कशात आहे हे पाहण्याआधीच आपण ते कोणत्या खान्यात बसते ते पाहतो. डोळ्याला हे खाने कळत नाहीत.

आदोळीवर बसून नारळ खवताना शरीर काय करते ते एकदा लक्ष देऊन पाहा. गुडघे दुमडलेले, पोट दाबलेले, हनुवटी छातीला टेकत आलेली, दोन्ही हातांनी भकल पात्यावर रेटलेले, आणि करवंटीजवळचे खोबरे निघेना की आपोआप श्वास रोखलेला. चेहरा लालसर होतो, कपाळाची शीर तट्ट फुगते. त्या क्षणी छातीतला दाब वाढल्यामुळे डोक्याकडचे रक्त परत येताना अडखळते आणि डोळ्याच्या आतला दाबही वाढतो. हा दाब निरोगी डोळ्यात साधारण १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याच्या दरम्यान असतो. श्वास रोखून जोर लावताना, शौचाला कुंथताना, जोराने खोकताना, किंवा डोके हृदयाच्या खाली गेल्यावर तो काही काळ वर चढतो. सावकाश, सपाट जमिनीवर, बोलत बोलत चालताना असे काही घडत नाही. उलट मध्यम गतीच्या चालण्याने हा दाब थोडा कमीच होतो. तुमच्या घरातली बंदी आणि मुभा यांची अदलाबदल केली असती तर डोळ्याच्या दृष्टीने ते अधिक बरोबर झाले असते.

हे वाचून मागच्या तीन आठवड्यांची धास्ती घेऊ नका. डोळा दुखत नाही, लाल नाही आणि दिसते चांगले, असे तुम्ही स्पष्ट लिहिले आहे. एकदा वाकून चप्पल घातली किंवा खाली पडलेला चमचा उचलला म्हणून डोळा बिघडत नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना कळशीची गोष्ट जरूर सांगा, म्हणजे ते जखम आणि दाब त्या दृष्टीने पाहतील.

आता सासूबाईंच्या दाखल्याकडे येऊ, कारण तो खोटा नाही आणि त्यांना खोटे पाडण्याची गरजही नाही. त्यांच्या पिढीत मोतीबिंदू काढण्यासाठी डोळ्याला १० ते १२ मिलिमीटरांचा छेद घेत, तो टाक्यांनी शिवत, आणि जखम उघडू नये म्हणून रुग्णाला हलू देत नसत. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याचा पहिला प्रयोग हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनमध्ये १९४९ साली केला असला तरी आपल्याकडच्या सामान्य रुग्णापर्यंत ते पोहोचायला काही दशके गेली; तोवर जाड काचांचा चष्मा हाच उपाय होता. चार्ल्स केलमन यांनी १९६७ साली श्राव्यातीत ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याची पद्धत आणली आणि छेद लहान होत गेला. तीच आजची फॅको. तिच्यात छेद साधारण २.२ ते २.८ मिलिमीटरांचा असतो, भिंग घडी करून आत सोडतात आणि बहुतेक वेळा टाका घालावा लागत नाही. छेद तिरकस घेतलेला असतो, त्यामुळे आतल्या बाजूला उघडणारे दार जसे आतल्या रेट्याने चौकटीत अधिक घट्ट बसावे, तशी ती जखम डोळ्यातल्या नेहमीच्या दाबानेच मिटून राहते. मात्र बाहेरून डोळा चोळला किंवा दाबला तर हेच दार कलते, आणि दाब क्षणात वरखाली झाला तर बाहेरचे पाणी आत ओढले जाऊ शकते. म्हणून पहिल्या आठवड्यांत डोळा चोळणे ही गोष्ट वाकण्यापेक्षाही अधिक कटाक्षाने टाळायची.

दुसरीही एक पद्धत आपल्याकडे, विशेषतः शिबिरांत, मोठ्या प्रमाणावर केली जाते. तिच्यात छेद साधारण ६ ते ७ मिलिमीटरांचा असतो. तीही चांगली पद्धत आहे, पण जखम मोठी असल्यामुळे जोराच्या कामांबाबत डॉक्टर थोडे अधिक थांबायला सांगतात. तुमच्या डिस्चार्जच्या कागदावर कोणती पद्धत वापरली ते लिहिलेले असेल. तो कागद काढून पाहा आणि मुलालाही दाखवा. घरातली अर्धी चर्चा मोतीबिंदूची कोणती शस्त्रक्रिया झाली हे न पाहताच चाललेली असते.

मैत्रिणीच्या अनुभवाबद्दलही दोन शब्द सांगणे भाग आहे. तिला आठव्या दिवशी काही झाले नाही, हे मी मानते. या शस्त्रक्रियेनंतरचा गंभीर जंतुसंसर्ग किंवा जखमेचा बिघाड मुळातच विरळा आहे, त्यामुळे बहुतेक लोक काहीही करून सुटतात. सुटलेला माणूस आपली गोष्ट सांगतो, आणि ज्याचे नुकसान झाले तो वर्गात येत नाही. तिचा डोळा, तिची जखम, तिच्या डोळ्याच्या मागच्या बाजूचा पडदा आणि तिची साखर तुमची नाही. आणि खरे सांगायचे तर, आठव्या दिवशी सूर्यनमस्कार घालून तिने मिळवले काय, हेही मला समजलेले नाही. दोन-तीन आठवडे थांबल्याने सूर्यनमस्कार कुठे जात नव्हते.

तुमच्या घरात आणि तुमच्या मैत्रिणीच्या घरात एक समज सारखाच आहे, असे मला दिसते : व्यायाम म्हणजे एकच दार, ते एक तर बंद असते किंवा एखाद्या तारखेला सताड उघडते. प्रत्यक्षात प्रत्येक हालचालीला वेगळे विचारावे लागते. तिच्यात श्वास रोखला जातो का किंवा डोके खाली जाते का? तिच्यात डोळ्यात पाणी, धूळ किंवा घाम जाण्याची शक्यता आहे का? तिच्यात डोळ्याला फटका बसू शकतो का, किंवा तोल जाऊन आपण पडू शकतो का? या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी आली तर ती हालचाल लवकर सुरू करता येते. होकारार्थी आली तर थांबायचे, आणि किती थांबायचे ते तपासणीनंतर ठरवायचे.

चालणे या कसोटीला सर्वांत सहज उतरते. बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांतच घराच्या आसपास सावकाश चालण्याची परवानगी असते, आणि तुमचे तर तीन आठवडे होऊन गेले आहेत. तरीही फर्मागुडीचा चढ पहिल्या दिवशी घेऊ नका. इतके दिवस बसून राहिल्यावर पहिला आठवडा सपाट जागेवर, १५ ते २० मिनिटे, सोबत कुणी असेल तर तिच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढ्या गतीने चाला, आणि मग दर दोन-तीन दिवसांनी थोडी मिनिटे वाढवा. तुमच्या भागातल्या मोठ्या देवळांची प्रशस्त, फरसबंद आवारे पहाटे रिकामी असतात, तिथे वाहन नाही आणि धूळही कमी. पाऊस लागला की मात्र तीच फरशी आणि जांभ्याच्या पायऱ्या शेवाळून निसरड्या होतात. त्या दिवसांत घराचा लांब व्हरांडा किंवा ओसरी बरी.

रस्त्याने जाणार असाल तर बाजूनेही झाकणारा साधा गॉगल घाला. ऊन, वारा आणि धूळ या तिन्हींसाठी तो उपयोगी पडतो. डिचोली-सत्तरीकडच्या खाणपट्ट्यातल्या वाचकांनी, जिथे रस्त्याकडेला लाल धूळ थरावर थर बसलेली असते, ट्रकांच्या वेळेत चालायला निघूच नये. आपल्या दमट हवेत घाम हा स्वतंत्र प्रश्न आहे. तो भुवईवरून डोळ्यात उतरतो, चुरचुरते, आणि विचार करायच्या आत हात डोळ्याकडे जातो. कपाळावर सुती पट्टी बांधा किंवा धुतलेला रुमाल जवळ ठेवा, आणि पुसायचे ते कपाळ आणि गाल, डोळा नव्हे. पावसाचे चार थेंब गालावर पडले म्हणून घाबरण्याचे कारण नाही, पण छत्रीशिवाय भिजत येणे आता नको.

योगवर्गाबद्दल मला अधिक सविस्तर लिहायचे आहे, कारण ‘योग म्हणजे हलका व्यायाम, तो केव्हाही चालतो’ हा समज घरात आणि कधी कधी वर्गातही असतो. शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळजवळ दुप्पट होतो, हे आपल्याच देशातल्या नेत्रतज्ज्ञांनी मोजून दाखवले आहे. सर्वांगासन, हलासन, विपरीतकरणी यांतही डोके खाली आणि भार वरून, अशीच स्थिती असते. सूर्यनमस्कारात हस्तपादासन आणि पर्वतासन या दोन्ही स्थितींत डोके हृदयाच्या खाली जाते आणि एका आवर्तनात ते अनेकदा घडते. दहा-बारा नमस्कार घातले की किती वेळा, याचा हिशेब तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हीच करा. देवापुढे साष्टांग नमस्कार घालतानाही कपाळ जमिनीला टेकवून जोराने उठावे लागते. काही दिवस उभ्याने हात जोडले तर देवाला चालते.

श्वसनाच्या प्रकारांत कपालभाती आणि भस्त्रिका यांत पोटाचे झटके असतात, कुंभकात श्वास रोखलेला असतो. हे सारे डॉक्टरांनी स्पष्ट होकार देईपर्यंत थांबवा. अनुलोम-विलोम श्वास न रोखता करायला हरकत नाही, पण नाकपुडी दाबणारी बोटे डोळ्याला लागणार नाहीत याकडे लक्ष असू द्या. भ्रामरी करताना काही वर्गांत षण्मुखी मुद्रा घेतात, म्हणजे बोटांनी मिटलेल्या पापण्या दाबतात. ती मुद्रा अजिबात नको. भ्रामरीचा गुंजारव हात मांडीवर ठेवूनही होतो. जलनेतीही बंद, कारण तिचे पाणी चेहऱ्यावर पसरते आणि त्यानंतर नाक जोराने शिंकरावे लागते. डोळे गरगर फिरवण्याच्या, तळहात चोळून डोळ्यांवर दाबण्याच्या व्यायामांनी शस्त्रक्रियेनंतरची दृष्टी लवकर सुधारते, असे काही नाही. तो वेळ चालण्याला द्या.

मग उरते काय, असे वाटेल, बरेच उरते. ताडासन, उभ्याने आणि खुर्चीवर बसून खांद्यांच्या, मनगटांच्या, घोट्यांच्या हालचाली, भिंतीला पाठ टेकून अर्धे बसणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे आणि बसणे, भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहणे, आणि पाठीवर पडून एकेक पाय वर घेणे. तुमच्या आखडलेल्या गुडघ्यांसाठी खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम सूर्यनमस्कारांपेक्षा अधिक कामाचा आहे. यातले काहीही करताना श्वास सोडत जोर लावायचा. मोठ्याने अंक मोजत केले तर श्वास रोखला जाण्याची शक्यताच उरत नाही. वर्गात परत जाल तेव्हा शिक्षकांना आधीच सांगून ठेवा आणि शेवटच्या रांगेत बसा, म्हणजे सगळे वाकतात म्हणून आपणही वाकलो, असे होणार नाही.

ज्या वाचकांचा व्यायाम वेगळा आहे त्यांच्यासाठी थोडे. पोहणे, मग ते तलावातले असो, नदीतले असो की देवळाच्या तळीतले, किमान चार ते सहा आठवडे नको, आणि त्यानंतरही डॉक्टरांना विचारून, घट्ट बसणारा पोहण्याचा चष्मा लावूनच. सांधेदुखीसाठी मे महिन्यात समुद्रात डुंबण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ज्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे त्यांनी यंदा गुडघाभर पाण्यातूनच परतावे, कारण लाट केव्हा तोंडावर येईल ते सांगता येत नाही. बॅडमिंटन खेळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की शटल नेमके डोळ्याच्या खोबणीत बसेल एवढे असते, आणि दुहेरीत जोडीदाराची रॅकेटही जवळून फिरते. परत खेळायला लागल्यावर डोळ्यांचे संरक्षक चष्मे कायमच वापरलेले बरे. जिममध्ये वजने उचलणाऱ्यांनी सर्वांत शेवटी तिकडे वळावे आणि तेही हलक्या वजनांपासून.

वजनाचा विषय निघाला म्हणून तुमच्या कळशीकडे परत येते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. भरलेली मध्यम कळशी सात-आठ किलोंच्या खाली क्वचितच असते, बादली तर १५ च्या पुढे जाते, आणि घरगुती सिलिंडर रिकामा असला तरी साधारण १५ किलोंचा असतो. ‘जड काम नको’ असे डॉक्टर म्हणाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे हेच असणार, आणि तुम्ही मात्र ते वाक्य चालण्याला लावलेत. पहिल्या आठवड्यांत चार-पाच किलोंपेक्षा जास्त उचलू नये, असा सल्ला सर्वसाधारणपणे दिला जातो. तेव्हा मुलाला सांगा की, तुझी काळजी मला पटते, आणि म्हणून पाणी आणि सिलिंडर तुझ्याकडे. नारळ सूनबाई किंवा तो स्वतः खवू दे, किंवा महिनाभर मिक्सरमधून निघू दे. हुमणाची चव थोडी वेगळी लागेल, पण चालेल. हे सांगताना संकोच वाटेल, याची मला कल्पना आहे. पण जपणूक करायचीच असेल तर ती जिथे गरज आहे तिथे व्हायला हवी, आणि ती कुठे हवी हे घरातल्यांना तुमच्याशिवाय कोण सांगणार?

‘थांबण्यात काही धोका नाही’ हे मुलाच्या आग्रहामागचे गृहीतक मला सर्वांत जास्त तपासावेसे वाटते. दुसरा डोळा होऊन त्याचा महिना संपेपर्यंत चार महिने सहज जातील. साठीनंतर एवढा काळ बसून राहिल्यावर मांड्यांचे स्नायू लक्षात येईल इतके उतरतात, तोल कमी होतो, आणि मधुमेहात साखर चढते. चढलेली साखर जखम भरायला उशीर लावते आणि संसर्गाला वाट देते, म्हणजे डोळ्याच्या रक्षणासाठी घेतलेली विश्रांती डोळ्याच्याच आड येते. दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या दिवशी साखर जास्त निघाली तर ती पुढेही ढकलली जाऊ शकते. मात्र मधुमेहामुळे एक प्रश्न तुम्ही डॉक्टरांना न चुकता विचारायला हवा : माझ्या डोळ्याचा पडदा कसा आहे? पडद्यावर मधुमेहाने नाजूक रक्तवाहिन्या वाढलेल्या असतील तर जोराच्या व्यायामावरचे निर्बंध मोतीबिंदूपेक्षा वेगळे आणि अधिक काळाचे असतात. आणि शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी पडद्याच्या मध्यभागी सूज येण्याची शक्यता मधुमेह्यांत अधिक असते, म्हणून महिन्यानंतरची तपासणी, दृष्टी चांगली असली तरी, चुकवायची नाही.

दोन शस्त्रक्रियांमधल्या काळाचे एक वैशिष्ट्य फारसे कुणी सांगत नाही. तुमचा उजवा डोळा आता लांबचे स्वच्छ पाहतो आणि डावा अजून धूसर, कदाचित वेगळ्या नंबरचा आहे. दोन्ही डोळ्यांतला हा फरक मोठा असेल तर खोलीचा अंदाज चुकतो, आणि तो चुकतो तो नेमका पायरी उतरताना, अंगणातून ओसरीवर चढताना किंवा रस्त्यावरचा खड्डा ओलांडताना. जुना दोन भागांचा चष्मा घातला तर खालच्या भागातून पायाजवळची जमीन आणखी अंधुक दिसते. नवा कायमचा नंबर साधारण चार ते सहा आठवड्यांनी देतात, तोवर चालताना कोणता चष्मा घालायचा किंवा घालायचाच की नाही, हे दवाखान्यातच विचारा. कठड्याला हात लावून उतरा, आणि अंधार असेपर्यंत निघू नका. पहाटेऐवजी उजाडल्यावर गेलात तर काही बिघडत नाही.

पुन्हा विचारायला जाणे तुम्हाला प्रशस्त वाटत नाही. आयुष्यभर वर्गात ‘समजले नाही तर हात वर करा’ असे मुलांना सांगितलेल्या बाईंनी स्वतः हात खाली ठेवावा, हे मला पटत नाही. डॉक्टरांचे उत्तर त्रोटक होते, कारण प्रश्नही ‘व्यायाम करू का?’ एवढाच होता. या वेळी एका कागदावर तुमच्या हालचाली नावानिशी लिहून न्या : सपाट चालणे, फर्मागुडीचा चढ, सूर्यनमस्कार, सर्वांगासन, कपालभाती, विहिरीची कळशी, स्कूटर चालवणे. प्रत्येकीसमोर ‘आता’, ‘पुढच्या तपासणीनंतर’ किंवा ‘नको’ असे लिहून घ्यायला दोन मिनिटे पुरतात. डोळ्यातला दाब मोजला का, जखम पूर्ण मिटली का, हेही विचारा. स्टेरॉइडचे थेंब साधारण चार ते सहा आठवडे हळूहळू कमी करत देतात आणि काही जणांत त्या थेंबांनीच दाब वाढतो, म्हणून ते मनाने थांबवायचे नाहीत आणि मनाने वाढवायचेही नाहीत. शक्य असेल तर मुलाला बरोबर न्या. ते उत्तर त्याने स्वतः ऐकले तर घरात पुन्हा तुम्हाला वकिली करावी लागणार नाही. आणि माझ्या या पत्रात आणि त्यांच्या सांगण्यात फरक पडला तर त्यांचे ऐका. त्यांनी तुमचा डोळा पाहिला आहे, मी नाही.

व्यायाम सुरू केल्यावर थोडे चुरचुरणे, पाणी येणे, उजेड टोचणे एवढ्याने थांबू नका. पण डोळा दुखू लागला, लाली वाढत गेली, चिपडे येऊ लागली किंवा आदल्या दिवशीपेक्षा कमी दिसू लागले, तर ‘सोमवारी दाखवू’ असे म्हणायचे नाही. तसेच विजेसारखे चमकारे, एकाएकी वाढलेले काळे ठिपके, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे दिसणे ही डोळ्यातला पडदा सुटत असल्याची खूण असू शकते. यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांकडे, आणि दवाखाना बंद असेल तर सरळ बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जा. ज्यांना लांबचे फार कमी दिसायचे, म्हणजे जाड उणे नंबरचा चष्मा होता, त्यांनी या खुणा अधिकच लक्षात ठेवाव्यात. याउलट काही महिन्यांनी किंवा वर्षांनी दृष्टी हळूहळू पुन्हा धूसर झाली, तर ते व्यायामाने झाले असे समजू नका. भिंगामागचे पातळ आवरण गढूळ होते आणि ते लेझरने काही मिनिटांत मोकळे करता येते.

दुसऱ्या डोळ्याची तारीख ठरवताना एवढे पाहा की तिच्यानंतरचे चार आठवडे चतुर्थीत येणार नाहीत. सारे घर माटोळी (गणपतीवरची फळा-पानांची चौकट) बांधण्यात, पाहुण्यांच्या पंगतीत आणि नेवऱ्या (करंज्या) तळण्यात गुंतलेले असताना तुम्ही एका जागी बसून राहाल यावर माझा विश्वास नाही, आणि फुगडीचा फेर धरला की कोपर कुणाच्या डोळ्याला लागेल याचा नेम नसतो. पावसाचा जोर असला तरी जुलैत जमले तर चांगले, नाही तर गणपती विसर्जनानंतरची तारीख मागा. मधल्या काळात तुमचे चालणे आणि खुर्चीवरचे व्यायाम चालू राहू द्या. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस ते थांबतील, थेंबांचे आणि डोळा न चोळण्याचे नियम पुन्हा पहिल्यापासून लागू होतील, आणि मग तोच कागद घेऊन तोच क्रम पुन्हा सुरू करता येईल.